बडोद्याला कायमचे राहायला जातोय : तिसऱ्या रविवारी काय करायचं?

गोदाकाठ | ४ मे, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. नवऱ्याची बदली झाली आहे आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही नाशिकहून बडोद्याला जातोय. बहुधा कायमचेच. मुलगी नऊ वर्षांची, सासूबाई एकाहत्तरच्या, पण पायांनी खणखणीत. घर अजून ठरलेलं नाही. अकोटा, वासणा रोड आणि कारेलीबाग असे तीन भाग सुचवले गेलेत.

शाळा, गॅस, भाडं यांची माहिती मिळाली. मला विचारायचंय ते वेगळं आहे. इथे आमचा आठवडा बांधलेला आहे. सासूबाईंचं गुरुवारी भजनी मंडळ आणि दर चार दिवसांनी वाचनालय. लेकीचा चित्रकलेचा वर्ग. माझं गाणं (मध्यमा पूर्ण करून परीक्षा थांबवल्या, रियाज चालू आहे). महिन्यातून एखादं नाटक. हे सगळं उचलून नेता येत नाही, याचं गेले पंधरा दिवस फार वाईट वाटतंय.

नेटवर ‘बडोद्यातील दहा प्रेक्षणीय स्थळे’ अशा याद्या आहेत. त्या दोन रविवारांत संपतील. पाहुण्यांना दाखवायच्या जागा नकोत, आम्ही स्वतः तिसऱ्या, तिसाव्या रविवारी कुठे जायचं ते सांगा.

—

मोगरा_८२ | ४ मे, रात्री १०:१५

छान धागा. माझी बहीणही ऑगस्टमध्ये जातेय. वाचनखूण साठवली.

—

दांडियाबाजारकर | ५ मे, सकाळी ७:०५

गोदाकाठताई, आमच्या गावात स्वागत. माझा जन्म इथला, आजोबा सरकारी नोकरीसाठी साताऱ्याकडून आलेले. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

तुम्ही नाशिकहून येताय, हे वाचून बरं वाटलं. कारण हे शहर ज्यांनी घडवलं तेही तुमच्याच जिल्ह्यातले. मालेगावजवळच्या कवळाण्याचा गोपाळ नावाचा बारा वर्षांचा मुलगा १८७५ मध्ये जमनाबाईसाहेबांनी दत्तक घेतला आणि तो सयाजीराव महाराज झाला. पुढची चौसष्ट वर्षं त्यांनी एकेक संस्था उभी केली. ग्रंथालय, गायनशाळा, कलाभवन, संग्रहालय, बाग. या जागा दाखवण्यापुरत्या बांधलेल्या नव्हत्या, लोकांनी तिथे रोज यावं म्हणून बांधल्या होत्या. म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच, की इथे येऊन आधी तीन ठिकाणी नावं नोंदवा. राजवाडा पळून जात नाही.

पहिलं नाव सासूबाईंचं, मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत. महाराजांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले आणि १९१० मध्ये ही लायब्ररी सुरू झाली. स्वतःचा खासगी संग्रहही दिला. गावोगावी जाणाऱ्या पुस्तकांच्या पेट्या इथूनच निघायच्या. मराठीचा विभाग मोठा आहे आणि त्यात जुनी, आता बाजारात न मिळणारी पुस्तकं आहेत. आत लोखंडी मांडण्या आणि वरच्या मजल्याला काचेची जमीन, खालच्या कपाटांपर्यंत उजेड पोचावा म्हणून. लहानपणी त्या काचेवर पाय ठेवायला मी घाबरायचो. आजी हात धरून न्यायची. सासूबाईंना माधव जूलियनांच्या कविता आवडत असतील तर सांगा, त्यांचा जन्म बडोद्याचाच, १८९४ चा.

दुसरं नाव तुमचं. सूरसागर तलावासमोर संगीताचं महाविद्यालय आहे, आता तो विद्यापीठाचा परफॉर्मिंग आर्ट्सचा विभाग. १८८६ मध्ये मौलाबक्षांनी गायनशाळा म्हणून सुरू केलं. फैयाजखाँसाहेब इथले दरबारगायक, भातखंड्यांच्या प्रयत्नांनी १९१६ ची पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तीही इथेच. तुम्ही थेट जाऊन शिकण्याची चौकशी करा. प्रवेश मिळो न मिळो, तिथल्या कार्यक्रमांच्या सूचना फलकावर लागतात, त्या बघत जा. हिवाळ्यात आठवड्याला एखादी तरी मैफल कानावर पडेल. श्रोते कमी असतात, पुढच्या ओळीत बसायला मिळतं.

तिसरं नाव लेकीचं, पण चित्रकलेबद्दल माझ्यापेक्षा जाणकार लिहितील.

भजनाचं म्हणाल तर दांडियाबाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, वाडी या जुन्या भागांत मराठी घरं अजून पुष्कळ आहेत. कीर्तनं होतात, गणपतीत दहा दिवस पोळीपोळींत (पोळ म्हणजे जुन्या वस्तीतली गल्ली) आरत्या ऐकू येतात. दांडियाबाजारातच श्री अरविंद राहायचे ते घर आहे, अरविंद निवास. १८९३ ते १९०६ ते बडोद्यात होते, इथेच मराठी शिकले. दुपारी तिथे इतकी शांतता असते की बाहेरचा बाजार विसरायला होतो.

—

कुंचला | ५ मे, दुपारी २:३०

लेकीसाठी मी लिहिते. मी पुण्याहून फाइन आर्ट्सला शिकायला आले आणि इथेच राहिले, आता सोळा वर्षं झाली.

कमाटीबागेतल्या संग्रहालयापासून सुरुवात करा. (कागदोपत्री सयाजीबाग, १८७९ ची. रिक्षावाल्याला कमाटीबागच सांगा.) मुलांना घेऊन जाणारे सगळे ममी आणि देवमाशाचा सांगाडा बघून बाहेर पडतात. तसं करू नका. अकोट्याची धातुशिल्पं जरूर बघा. १९५१ मध्ये अकोट्याला ६८ जैन मूर्ती सापडल्या, पाचव्या ते अकराव्या शतकांतल्या. तुम्ही अकोट्यात घर घेतलंत तर लेकीला सांगता येईल की हे आपल्या घराजवळच्या जमिनीतून निघालंय. शेजारची पिक्चर गॅलरी १९१४ मध्ये बांधून झाली, पण चित्रं युरोपात आणि महायुद्ध सुरू, म्हणून उघडली १९२१ मध्ये. एका भेटीत एकच दालन, वही-पेन्सिल बरोबर. माझ्या वर्गातली मुलं एका मूर्तीसमोर पाऊण तास बसतात.

मग कीर्तिमंदिर. ही गायकवाड घराण्याची स्मृतिवास्तू, आत चार भिंतींवर नंदलाल बोस यांनी चित्रं काढली आहेत: गंगावतरण, मीरेचं आयुष्य, महाभारत आणि नटीर पूजा. शांतिनिकेतनहून येऊन त्यांनी काही वर्षं हे काम केलं. मी महिन्यातून एकदा जाते. बहुतेक वेळा मी आणि रखवालदार, दोघंच असतो. महाभारताच्या भिंतीवरच्या आकृतींची गर्दी बघून रेघ अजून कशी मोकळी राहिली, हे मला इतक्या वर्षांनीही कळत नाही.

आणि तांबेकरवाडा. भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ बडोद्याचे दिवाण होते, त्यांचा हा लाकडी वाडा. अरुंद जिने चढून वर गेलात की भिंती चित्रांनी भरलेल्या: कृष्णलीला, लढाया, नऊवारीतल्या बायका, मधूनच एखादी गोरी मडम. बरीच चित्रं पुसट झालीत. एक ओळखीची बाई तिथे शेजारी राहूनही कधी आत गेली नव्हती, तिला मी हाताला धरून नेलं. पुरातत्त्व खात्याकडे आहे, वेळा आधी विचारून जा.

विद्यापीठाचा फाइन आर्ट्स विभाग १९५० च्या सुमाराचा. आपले चित्रकार बेंद्रे, शिल्पकार शंखो चौधुरी, मग के. जी. सुब्रमण्यन, अशा माणसांनी तो उभा केला. उन्हाळ्याच्या तोंडाशी विद्यार्थ्यांची वार्षिक प्रदर्शनं लागतात, ती कुणालाही बघता येतात. मुलं स्वतः कामाजवळ उभी असतात आणि नऊ वर्षांच्या मुलीच्या प्रश्नालाही नीट उत्तर देतात. फाइन आर्ट्स फेअर दरवर्षी होत नाही, पण होईल तेव्हा चुकवू नका.

लेकीला आठवड्याचा वर्ग कुठला लावायचा ते निरोपात विचारा, इथे कुणाचं नाव नको.

—

लक्ष्मणझुला | ५ मे, सायंकाळी ६:१२

लक्ष्मी विलास पॅलेसचं तिकीट महाग आहे, आत मोजकीच दालनं दाखवतात. एकदा बघून पुरे.

—

कुंचला | ५ मे, सायंकाळी ७:४०

@लक्ष्मणझुला, एकदा बघून पुरे हे पटलं नाही. महाल एकदा ठीक. पण त्याच आवारातलं फत्तेसिंहराव संग्रहालय वेगळं आहे. ती पूर्वी राजपुत्रांची शाळा होती. तिथे रविवर्म्यांची मूळ तैलचित्रं आहेत. आपण घरोघरी कॅलेंडरवर पाहिलेल्या सरस्वती-लक्ष्मीच्या मागे कुठला हात होता, ते तिथे कळतं. भरजरी पदराजवळ जाऊन बघा. सोमवारी बंद असतं.

—

विश्वामित्री | ५ मे, रात्री १०:२०

विषय थोडा बदलतोय, पण घर ठरायचंय म्हणून लिहिणं भाग आहे.

आम्ही २०२३ मध्ये तळमजल्यावर घर घेतलं. दलालाला सरळ विचारलं होतं, इथे पाणी येतं का? तो म्हणाला, कधीच नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये जन्माष्टमीच्या सुमारास विश्वामित्री नदी चढली, आजवा जलाशयाचं पाणीही आलं आणि आमच्या दिवाणखान्यात छातीपर्यंत पाणी होतं. बायकोची सतार गेली, आईची पोथ्यांची पेटी गेली. सोफा परत घेता येतो, त्या दोन गोष्टी नाही आल्या.

तेव्हा अकोटा असो की कारेलीबाग, नदीपासूनचं अंतर आणि २०२४ ची पाण्याची रेघ बघा. दलालाला विचारू नका. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला, दूधवाल्याला विचारा, ते हाताने भिंतीवर दाखवतात. तळमजला घेऊ नका.

दुसरं, नदीत मगरी आहेत. भर शहरात. पावसाळ्यात वस्तीत येतात, पकडणारे स्वयंसेवक असतात, त्यांचे नंबर सोसायटीत लावलेले असतात. हिवाळ्यात पुलावरून काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात. माझा मुलगा त्या मोजतो आणि वहीत तारीख घालून ठेवतो. पुलावरूनच बघायच्या, काठाला उतरायचं नाही.

—

रेवाकाठ | ६ मे, सकाळी ८:००

सासूबाईंसाठी हा प्रतिसाद, आणि तुमच्या नावात नदी आहे म्हणूनही.

बडोद्याची खरी चैन म्हणजे नर्मदा जवळ आहे. सकाळी निघून रात्री घरी. गरुडेश्वरला टेंबे स्वामींची, म्हणजे वासुदेवानंद सरस्वतींची समाधी आहे, १९१४ मध्ये ते तिथेच गेले. घाटावर बसलं की समोर नुसतं पाणी. नारेश्वरला रंग अवधूत महाराजांचं स्थान आहे. ते स्वामींचे शिष्य, घरची भाषा मराठी आणि ‘दत्तबावनी’ हे दत्ताचं स्तोत्र गुजरातीत लिहिलं. बडोद्यातल्या मराठी घरांत दर गुरुवारी दत्तबावनी म्हणतात. तुमच्या सासूबाईंचं गुरुवारचं भजन बंद पडणार नाही, फक्त भाषा थोडी बदलेल. चांदोद-करनाळीला संगम आहे, होडी मिळते.

एकतेचा पुतळा (१८२ मीटर) गरुडेश्वरपासून जवळच. पाहुणे आले की तिकडे जाणं होतंच. सुट्टीचा दिवस टाळा.

पावागढ-चांपानेर पन्नासेक किलोमीटरवर, २००४ पासून जागतिक वारसा. सगळे रोपवेने वर कालिकामातेला जातात आणि खाली परततात. पायथ्याची मशिदी, तलाव, तटबंदी यांचं गाव ओस पडलेलं असतं. पावसानंतर, ऑक्टोबरात जा आणि अर्धा दिवस फक्त जामी मशिदीला द्या. डभोईला हिरा भागोळ हा कोरीव दरवाजा आहे, तिथून पुढे वढवाणा तलाव. डिसेंबर-जानेवारीत हजारोंनी बदकं आणि हंस उतरतात. २०२१ मध्ये तो रामसर यादीत आला. पहाटे साडेपाचला निघावं लागतं, पण लेकीला उठवा.

—

सहज_सुचलं | ६ मे, दुपारी १२:४५

एक वेगळं मत मांडते. वरचं वाचून वाटेल की बडोद्यात जाऊन मराठी बेटावर राहायचं. मी सुरुवातीची दोन वर्षं तेच केलं आणि चुकले. शेजारच्या बेन दर अमावस्येला काहीतरी घेऊन यायच्या आणि मी दारातूनच ‘आवजो’ म्हणून निरोप द्यायचे. गुजराती शिका. नाटकं बघा, गुजराती रंगभूमी जोरात आहे. अकोट्याचं सर सयाजीराव नगरगृह आणि विद्यापीठाचं सी. सी. मेहता सभागृह ही नावं लक्षात ठेवा. मराठी नाटकं मुंबईहून येतात, पण मोजकी, त्यासाठी डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं.

—

दांडियाबाजारकर | ६ मे, दुपारी ३:१०

सहजताई, अगदी बरोबर, आणि यात मी भर घालतो. आमची मराठीच अर्धी गुजराती झाली आहे. आमच्या घरात खिडकीला ‘बारी’ म्हणतात आणि पुण्याचे नातेवाईक हसतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. २०१८ मध्ये ९१ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे भरलं, तेव्हा स्वयंसेवकांत गुजराती घरांतली मुलंही पाहिली मी.

आणि एक जागा राहिली. कमाटीबागेतच संकल्पभूमी आहे. बाबासाहेब १९१७ मध्ये बडोदा सरकारच्या नोकरीत आले, जातीमुळे राहायला जागा मिळेना, पारशी वसतिगृहातून बाहेर काढलं. २३ सप्टेंबर १९१७ ला त्यांनी त्या बागेतल्या वडाखाली बसून अस्पृश्यतेविरुद्ध आयुष्य वेचायचं ठरवलं, ते तुम्हाला माहीत आहे. ज्या महाराजांनी त्यांना परदेशी शिकायला पाठवलं त्यांच्याच राजधानीत हे घडलं. या शहराचं कौतुक सांगताना मी मुलांना हेही सांगतो. लेकीला घेऊन जा.

—

पतंगवेडा | ६ मे, रात्री ९:००

सणांचं कुणी लिहिलं नाही म्हणून मी.

उत्तरायण : १४ जानेवारी, आणि १५ ला वासी उत्तरायण. दोन दिवस शहर गच्चीवर राहतं. सकाळी नाश्त्यापासून रात्रीपर्यंत. उंधियू, जिलबी, चिक्की. पहिल्या वर्षी कुणाच्या तरी जुन्या शहरातल्या गच्चीवर जा, गेंडीगेट-मांडवीकडे, घरं एकमेकांना चिकटलेली असल्याने चहूबाजूंनी ‘काय पो छे’ (पतंग कापला!) ऐकू येतं. दुचाकीवर गळ्याला जाड रुमाल बांधल्याशिवाय त्या आठवड्यात बाहेर पडू नका आणि पुढे तारेची कमान लावून घ्या. माझ्या मित्राच्या गळ्याला मांज्याने सात टाके पडलेत. संध्याकाळी पक्षी घरट्याकडे परततात, तेव्हा पतंग उतरवा. जखमी पक्ष्यांसाठी करुणा अभियानाची केंद्रं असतात.

नवरात्र : मोठ्या मैदानांतले गरबे पास घेऊन. हजारो माणसं एका तालात एकाच दिशेने फिरतात, ते गच्चीवरून किंवा बाहेरून नाही, आत उतरूनच कळतं. पण सासूबाईंना घेऊन पोळीतल्या शेरी गरब्याला जा. तिथे गाणारी बाई आणि फिरणाऱ्या बायका एकमेकींना ओळखतात.

खाणं : सेव-उसळ आपल्या मिसळीची बहीण, पण वाटाण्याची आणि पातळ. लीलो चेवडो ओलसर असतो, बटाट्याचा, आणि नाशिकच्या चिवड्याशी तुलना करायची नाही.

—

बाद_नाही | ६ मे, रात्री ९:३५

क्रिकेटप्रेमी कुणी असेल घरात तर : १९४७ च्या रणजी अंतिम सामन्यात होळकरांविरुद्ध विजय हजारे आणि गुल महंमद यांनी बडोद्यातच ५७७ धावांची भागीदारी केली. हजारे सांगलीचे, पण आयुष्य बडोद्यात गेलं. अजूनही इथल्या मैदानांवर थंडीच्या सकाळी फुकट रणजी बघत ऊन खाणारे म्हातारे भेटतात. ज्ञान अफाट. शेजारी जाऊन बसा.

—

गोदाकाठ | ७ मे, सकाळी १०:२०

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत की काय बोलू. सासूबाईंना धागा वाचून दाखवला. काचेच्या जमिनीपाशी त्यांनी थांबवलं आणि ते पुन्हा वाचायला लावलं. विश्वामित्री, तुमचा प्रतिसाद वाचून अकोट्याचा तळमजला रद्द केला. सतारीचं वाचून फार वाईट वाटलं. सामान बांधायचंय, पोचल्यावर लिहिते.

—

गोदाकाठ | २३ नोव्हेंबर, रात्री १०:०५

धागा वर काढतेय. पोचल्यावर लिहिते म्हटलं आणि पाच महिने गेले, माफ करा.

घर कारेलीबागेत, दुसऱ्या मजल्यावर. इस्त्रीवाल्या भाईंनी भिंतीवर हात लावून २०२४ ची रेघ दाखवली, ती फाटकाच्या कडीपर्यंत होती. लेक म्हणाली, हिथपर्यंत मगर येऊ शकते.

नावं तीनही नोंदवली. लायब्ररीचं कार्ड सासूबाईंचं. बस बदलून एकट्या जातात. काचेच्या जमिनीवर जायला मिळालं नाही, तो भाग बंद होता, पण खालून वर बघून आल्या. लेक कुंचलाताईंनी सुचवलेल्या वर्गाला जाते. तिच्या वहीत अकोट्याची एकच मूर्ती सहा वेळा आहे आणि सहाही वेळा नाक वेगळं. माझं संगीत महाविद्यालयात नियमित शिकण्याचं जमलं नाही, वेळ जुळली नाही. मात्र तिथल्या एका कार्यक्रमानंतर शेजारी बसलेल्या बाईंशी बोलणं झालं. त्या आग्रा घराण्याचं शिकवतात. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी जाते. पहिला महिना नुसता आवाज लावण्यात गेला.

गरब्याला पोळीतच गेलो. शेजारच्या हंसाबेननी सासूबाईंना मधोमध खुर्चीवर बसवलं, दोन गाण्यांनंतर त्या उठल्या आणि उरलेली सगळी उभ्यानं टाळ्या देत फिरल्या.

एक गोष्ट धाग्यात कुणी लिहिली नव्हती, म्हणून मुद्दाम सांगते. कार्तिकी एकादशीला, इथे देव उठी अगियारस म्हणतात, मांडवीजवळच्या विठ्ठल मंदिरातून पालखी निघते. ‘वरघोडो’ म्हणतात तिला. आम्ही लायब्ररीत पुस्तक बदलायला म्हणून गेलो होतो आणि रस्ता अडलेला. पुढे बँडवर गुजराती भजन, मागे टाळकऱ्यांचा घोळका, दोन्ही बाजूंच्या दुकानदारांनी हात जोडलेले. सासूबाई पिशवी माझ्याकडे देऊन पुढे गेल्या. मला वाटलं नमस्कार करून येतील. न्यायमंदिरापाशी सापडल्या, टाळकऱ्यांच्या घोळक्यात, कुणाचे तरी टाळ हातात घेऊन.

दांडियाबाजारकर काका, ते टाळ ज्यांचे होते त्यांचं मंडळ गुरुवारी वाडीत भरतं म्हणे. तुम्हाला माहीत असेल तर पत्ता निरोपात कळवाल का? सासूबाईंनी परत करायचे म्हणून ते घरी आणलेत.